निपाणी, निप्पाणी

रात्री अकराला पहिला आलेख उमटला
आणि यंत्र म्हणालं, गावं दोन आहेत:
एक निपाणी, एक निप्पाणी.
पहिल्यात एकशे अठरा बाया, दुसऱ्यात चौऱ्याण्णव.
आजार तर त्याच्या हिशेबी तीन निघाले.
खोकला, केम्मु,
आणि ‘अक्का, नुस्तं खॉक खॉक’,
जे ईरव्वा कमते बोलली तसंच
आमच्या पोरीनं उतरवून घेतलं होतं.

मी हसले. मग थांबले.
आकडा तुटला की लहान दिसतो,
आणि लहान आकड्याची फाईल
तालुक्याच्या टेबलावर सगळ्यात खाली राहते.

पान सगळ्यांचं आहे. कुणीही उघडावं,
कुणीही ओळ घालावी, कुणीही खोडावी,
मराठीत, कन्नडमध्ये,
रोशनबी मुल्लाच्या नातीनं तर एक उर्दूत घातलीय.
गणित पानाच्या पोटातच बसवलंय:
वर आकडा बदलला की खाली रेघ हलते,
जसं वखारीत या टोकाला पोतं झटकलं
की त्या टोकाला कुणीतरी शिंकतं.

तर मी एक ओळ लिहिली.
निप्पाणी म्हणजे निपाणीच.
केम्मु म्हणजे खोकलाच.
ज्या एका जास्तीच्या ‘प’पायी
इथल्या पाट्यांनी किती डांबर खाल्लं,
तो यंत्रानं मुकाट गिळला
आणि म्हणालं, एकूण दोनशे बारा.
रेघ वर चढली.

रात्री दोन वाजून सात मिनिटांनी
कुणीतरी ती खाली ओढली.

पानाला सगळं आठवतं:
आधी काय होतं, नंतर काय झालं, कुणाच्या हातून.
नाव होतं बाळगौडा चौगला.
वखारीचा दिवाणजी.
पोरं म्हणाली, मॅडम, खोडा त्याला, दार बंद करा.
मी म्हटलं, आधी कारण विचारू.
सकाळी त्यानं दिलं, व्याकरण सोडून, मुद्दा धरून:
तुमचं धूळ मोजायचं यंत्र चाळणीला चिकटून ठेवलंत,
तिथं माणूस पाच मिनिटं उभं राहत नाही.
आणि एकोणीस बाया दोन वखारींत जातात,
त्या तुम्ही दोनदा मोजल्यात.
हजेरीवही जोडली आहे.

वही खरी होती.
खोटी निघावी म्हणून मी ती दोनदा तपासली.
एकोणीस वजा केल्या. एकशे त्र्याण्णव.
धुळीचं यंत्र उचलून बायांच्या बसायच्या जागी नेलं.
रेघ उतरली,
त्यानं ओढली होती तितकी नाही,
पण मला हवी होती तिथून खाली.
दोन दिवस मी पान उघडलंच नाही.

तिसऱ्या दिवशी दिसलं, वहीत सालंही आहेत.
कोण किती वर्षं चाळणीवर.
आम्ही मागितली नव्हती, त्यानं न बघता दिली होती.
ती घातली, आणि एकशे त्र्याण्णव ठिपके
उतरणीला लागले.
जितकी सालं, तितका श्वास तोकडा.
बाळगौडानं ती उतरण अजून हलवलेली नाही.
तो रोज रात्री येऊन बघून जातो, एवढं मात्र नोंदलं जातं.

रविवारी रोशनबीला पडदा दाखवला.
‘ह्यात मी कुठली की?’
नावं झाकलीत, म्हटलं. नियम आहे.
‘पुंगी मीच फुंकली नव्हं?
मग माझा ठिपका मला दाखवाय काय होतंय तुला?’
माझ्याकडे सहीचे कागद होते, उत्तर नव्हतं.
मग तिनंच शोधला, उतरणीच्या पार तळाशी,
सगळ्यांपासून लांब पडलेला एक,
आणि त्यावर पिवळं बोट ठेवलं.
मी सांगणार होते, अक्का, तिथं कुणीच नाही,
इतकी सालं कुणाचीच नाहीत,
तोवर तिनं पदराचं टोक ओलं करून पुसलं
आणि तो गेला.
तंबाखू होती.
‘बघ,’ म्हणाली, ‘खोडाय येतंय की.’

ही दुरुस्ती पानाच्या इतिहासात नाही,
म्हणून इथं लिहून ठेवते.